करीराचा वसंत

जोधपूर,
फेब्रुवारीचा तिसरा आठवडा

प्रिय लेकी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. तू लिहिलंस, “मावशी, इथे वसंत येत असेल असं वाटतच नाही. रोज सकाळी फिरून येते, पण जानेवारीत जे भुरकट होतं ते अजून तसंच भुरकट आहे.”

तू आता आहेस त्याच जैसलमेरला मी गवतं आणि झुडपं मोजायच्या कामावर आले तेव्हा माझ्या नोंदवहीत ‘ऋतुबदलाची लक्षणं’ असा रकाना होता. पहिल्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मी त्या रकान्यात रोज एकच शब्द लिहिला: ‘नाहीत’. सहा आठवडे. ती वही अजून माझ्या कपाटात आहे आणि ती पानं पाहिली की आजही मला वाईट वाटतं, कारण त्या वर्षी त्या जागेवर जे घडलं त्याची नोंद आता कुणालाच करता येणार नाही. तुझी वही अशी राहू नये म्हणून हे लांबलचक पत्र.

चूक माझ्या डोळ्यांची नव्हती, सवयीची होती. मी सोलापूरकडची. वसंत म्हणजे आंब्याचा मोहर, पेटलेला पळस, पांगरा, कोकीळ, आणि मग ती तांबूस चैत्रपालवी. लहानपणापासून मनात हेच चित्र, आणि मी ते वाळवंटात शोधत होते. जैसलमेरला वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम २०० मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तोही बहुतेक सगळा जुलै ते सप्टेंबरमध्ये. फेब्रुवारी उजाडेपर्यंत जमिनीच्या वरच्या थरातली ओल संपलेली असते. पुढे उन्हाळा उभा असतो. तुझ्या वाटेवरच्याच फलोदीत २०१६ च्या मे महिन्यात पारा ५१ अंशांवर गेला होता. अशा ठिकाणी अंगभर पालवी फोडणं म्हणजे असलेलं पाणी उधळून देणं. म्हणून इथल्या वसंतात हिरवं फार थोडं. फुलं आहेत, पण पानांशिवाय. बिळांची तोंडं उघडतात, पाहुणे पक्षी निघून जातात आणि वाळूवर रेघा वाढतात.

आधी गावात एक गोष्ट विचारून घे: यंदा मावठ पडली का? शब्द ओळखीचा वाटला ना? आपण मावठा म्हणतो तोच हा हिवाळी पाऊस. आपल्याकडे मावठा म्हटलं की द्राक्षवाल्याच्या पोटात गोळा येतो, मोहर गळतो, कापलेली ज्वारी काळी पडते. इथे हरभरा आणि रायडा पेरणारा माणूस त्याच पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो. जिरं लावणारा मात्र त्याला आपल्यासारखाच भितो, कारण ढगाळ हवेत जिऱ्यावर रोग येतो. एखादी बरी मावठ झाली असेल तर सेवण गवताच्या वाळक्या ठोंबांच्या बुडाशी बोटभर हिरवे कोंब दिसतील. ठोंब दोन्ही हातांनी बाजूला करून बघ. उभ्याने दिसणार नाहीत.

आता फिरण्याबद्दल. तू आठ वाजता निघतेस असं लिहिलंस. उशीर होतो. फेब्रुवारीत तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, आपल्याकडच्यापेक्षा बराच उशिरा, त्यामुळे लवकर उठणं फार अवघड नाही. पावणेसातला घराबाहेर पड. त्या वेळी थंडी असते, दहा अंशांच्या आसपास, आणि दुपारी त्याच जागी सव्वीस-सत्तावीस अंश. शाल घेऊन जा आणि परतताना ती खांद्यावर टाकून ये. पहाटेचा वारा पडलेला असतो आणि रात्रभर वाळूवर जे काही चाललं ते जसंच्या तसं असतं. नऊ-साडेनऊला वारा सुटला की ते सगळं पुसलं जातं.

चालताना सूर्य समोर राहील असं बघ. उन्हाकडे तोंड केलं की प्रत्येक ठशाला सावली पडते आणि ठसा उठून दिसतो. पाठीवर ऊन घेऊन चाललीस तर तीच वाळू कोरी वाटेल. हे मला एका मेंढ्या चारणाऱ्या बाईंनी शिकवलं. त्या माझ्याकडे बरेच दिवस बघत होत्या. एके दिवशी जवळ येऊन त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला अक्षरशः फिरवलं, पूर्वेकडे तोंड केलं आणि खाली बोट दाखवलं. त्या दिवसापासून माझ्या वहीतला ‘नाहीत’ बंद झाला.

वाट एकच ठेव, दोनेक किलोमीटरची, आणि रोज तीच. पर्यटकांच्या समच्या टेकड्यांवर जाऊ नकोस, तिथे वाळूवर जीप आणि उंटांशिवाय कशाचे ठसे उरत नाहीत. थर म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या नव्हेत, हे तुला आता कळलंच असेल. तुझी वाट थोडी धोऱ्यावरून, म्हणजे वाळूच्या टेकडीवरून, थोडी मगऱ्याच्या, म्हणजे खडकाळ माळाच्या दगडगोट्यांतून, जमलं तर एखाद्या खडिनाच्या बांधावरून आणि ओरणातून जाईल अशी आख. ओरण म्हणजे आपली देवराईच. तिथे कुऱ्हाड लागत नाही, त्यामुळे झाडं आपल्या मर्जीने वागताना दिसतात. खडिनात तर फेब्रुवारीत खरंच हिरवं असतं. खालच्या अंगाला बांध घालून पावसाळ्यात अडवलेलं पाणी जिरवायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा काढायचा, ही इथल्या पालीवाल ब्राह्मणांची शेकडो वर्षांची रीत. डोळे भुकेले झाले की तिथे पाच मिनिटं बस. मग पुन्हा भुरकट वाळूकडे वळ.

धोऱ्यावर पहिल्यांदा एक रेघ शोध. बोटाएवढ्या जाडीची, नागमोडी, किंचित वर उचललेली, जणू कुणी वाळूच्या आतून बोट ओढत नेलं आहे. ती वाळूतल्या सरड्याच्या जातीच्या एका प्राण्याची. इथली माणसं त्याला रेतीतला मासा म्हणतात, आणि तो खरंच पोहतो, पृष्ठभागाच्या जरा खालून. ऐन थंडीत ही रेघ क्वचितच दिसते. वाळू रात्रीही कोमट राहू लागली की रेघा वाढत जातात. मी पुढे पुढे रोज शंभर पावलांत किती रेघा ते मोजायची. तारखेपुढे आकडा लिहीत गेलं की वसंत कसा चढत जातो ते वहीतच दिसतं.

दुसरी एक खूण नीट ओळखायला शिक, कारण ती तुझ्या जिवाशी संबंधित आहे. एकमेकींना समांतर, तिरक्या, सुट्या सुट्या रेघा, शिडीच्या पायऱ्या वाकड्या मांडाव्यात तशा. ते फुरसं. हो, आपल्या कोकणातलं फुरसंच. इथे त्याला बांडी म्हणतात आणि मोकळ्या वाळूवर ते अंग बाजूला फेकत जातं. ऊन वाढलं की तेही हलू लागतं. म्हणून फोगाच्या किंवा खींपाच्या झुडपाच्या बुंध्याशी काठी आपटल्याशिवाय बसायचं नाही, हात घालायचा नाही, आणि चपला घालून तर अजिबात जायचं नाही. घोट्याच्या वर येणारे बूट. रात्री बाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत. यात मी कुणाचंही ऐकून घेणार नाही, तुझंही नाही.

आता करीर. यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसले.

संस्कृत सुभाषितांमध्ये करीराला कायमचं अभागी ठरवून टाकलं आहे. वसंत आला तरी त्याला पान फुटत नाही, मग त्यात वसंताचा काय दोष, असा तो दाखला. शाळेत शिकताना मलाही ते पटलं होतं. तो करीर म्हणजे तुझ्या वाटेवरचा केर, आपल्याकडच्या माळांवरची नेपती. तू त्याला ‘वाळलेल्या काटक्यांचा ढीग’ म्हटलं आहेस. उद्या त्या ढिगाजवळ जा आणि एक काटकी नखाने अगदी हलकी खरवड. आत गर्द हिरवं आहे. पानाचं सगळं काम ती काटकीच करते. कोवळ्या फुटव्यांवर तांदळाएवढी पानं येतात, पण ती काही दिवसांत गळून जातात, ठेवून घ्यायची नसतातच. मग काटकीच्या सांध्यांत बघ, काट्यांच्या जोडीच्या अगदी वर. तिथे मिरीएवढ्या लालसर कळ्या झुपक्याने बसलेल्या असतील. मार्च लागता लागता त्या उघडतात, विटेच्या रंगाच्या पाकळ्या आणि बाहेर झेपावणारे लांब केसर, आणि आठवड्याभरात अख्खं झुडूप लाल होतं. पानं नसल्यामुळे एकही फूल झाकलं जात नाही. मधमाश्यांचा आवाज दहा पावलांवरून ऐकू येतो. त्या सुभाषितकाराने मार्चमध्ये थरात एक सकाळ काढली असती तर त्याला दुसरं झाड शोधावं लागलं असतं. करीराला वसंत इतका पुरेपूर कळतो की तो असलेलं सगळं पाणी फुलावर लावतो.

तुझ्या वहीत त्याच्यासाठी एक वेगळं पान कर. एकच झुडूप निवड, त्याच्या एका फांदीला सुती दोरा बांध आणि तेवढ्याच फांदीवरच्या कळ्या, उमललेली फुलं, धरलेली फळं रोज मोज. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कर. एप्रिल-मेमध्ये त्याच फळांचं लोणचं आणि केर-सांगरीची भाजी गावात कुणीतरी तुला वाढेल. घास घेताना आपण त्याची कळी पाहिली होती हे आठवणं फार सुखाचं असतं.

फोगाचंही तसंच. राखाडी फांद्यांचं नुसतं गुंतवळ वाटतं, पण जवळ गेलीस तर बारीक पांढरट-गुलाबी फुलं दिसतील आणि मंद वास येईल. त्या कळ्या गोळा करून बायका दह्यात रायतं करतात, फोगल्याचं. बोलावलं तर जा. मुळं खणून कोळसा करण्यापायी फोग पुष्कळ ठिकाणांहून गेला, आणि तो गेला की त्याने धरून ठेवलेला धोरा चालू लागतो. म्हणून तुला जिथे फोग भरपूर दिसेल ती जागा नकाशावर नक्की टिपून ठेव.

रोहिडा शोधावा लागणार नाही, तो लांबूनच दिसेल. राजस्थानचं राज्यपुष्प ते. आपल्याकडे रक्तरोहिडा म्हणतात, कोरड्या भागात थोडा आहे. घंटेसारखी मोठाली फुलं, कुठल्या झाडावर पिवळी, कुठल्यावर नारिंगी, कुठल्यावर लाल. वास नाही. शिंजीर आणि बुलबुल सकाळी त्यावर तुटून पडलेले असतात, आणि मार्चमध्ये परतीच्या वाटेवरच्या भोरड्यांचा थवा उतरला तर झाडावर जो कलकलाट होतो तो ऐकायलाच हवा. तुझ्या वाटेवरचं पहिलं फुललेलं झाड कोणत्या रंगाचं, ते मला कळव. लाल आधी की पिवळं, यावर माझी एक समजूत आहे, पण ती मी तुला आत्ता सांगणार नाही, नाहीतर तू तेच बघशील.

खेजडीबद्दल फक्त एवढंच: ती आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो ती. हिवाळ्याच्या तोंडाशी शेतकऱ्यांनी चाऱ्यासाठी तिच्या फांद्या छाटलेल्या असतात आणि आत्ता ती ठुंठासारखी उभी असेल. तिची मुळं खूप खोलवरचं पाणी ओढतात, म्हणून आजूबाजूचं सगळं वाळत असताना त्या ठुंठांना पोपटी कोंब येतात. मार्चमध्ये जैसलमेरकडचा खरा हिरवा रंग तोच. तुझ्या भागात सौर ऊर्जेच्या प्रकल्पांसाठी खेजडी तोडण्यावरून लोक चिडलेले आहेत. तू सर्वेक्षणाला गेलीस की ते तुलाही विचारतील, तू कुणाच्या बाजूची. खरं तेच सांग: मी झाडं मोजायला आले आहे, आणि जेवढी आहेत तेवढी सगळी लिहून घेणार आहे. आणि तसंच कर. एकही कमी लिहू नकोस.

मगऱ्यावर पोचशील तेव्हा साधारण नऊ वाजलेले असावेत, त्याआधी तिथे काही बघायला मिळत नाही. घट्ट जमिनीत चपट्या, वरून किंचित कमानीच्या तोंडाची बिळं असतील. सांड्यांची, म्हणजे काटेरी शेपटीच्या जाड सरड्यांची. सांडा हिवाळाभर आतून मातीने दार बुजवून झोपतो. मी एकदा अशा एका बुजलेल्या बिळापासून पंधरा पावलांवर चाळीस मिनिटं पालथी पडून होते. आधी मातीला एक बारीक तडा गेला. मग काही नाही, बराच वेळ. मग तडा रुंदावला आणि दोन-तीन खडे बाहेर ढकलले गेले. त्या भोकातून एक बोथट, सुरकुतलेलं तोंड आलं आणि तसंच थांबलं, फक्त तोंड. डोळे मिटत, उघडत होते. डोक्यावर ऊन आल्यावर तो अर्धा बाहेर सरकला. अंग अगदी काळपट होतं, चुलीतल्या राखेसारखं. तापत गेला तसा माझ्यासमोर तो उजळत गेला आणि शेवटी वाळूच्या पिवळट रंगाचा झाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा ऊन खात होता. मी त्या दिवशी वहीत काही लिहिलंच नाही, हातच हलत नव्हता. तू मात्र लिही: तारीख, वेळ, आणि शंभर पावलांत किती बिळं उघडी, किती बुजलेली. आणि हो, सांड्याच्या तेलासाठी त्याची चोरटी शिकार होते. बिळांची जागा हॉटेलात, टपरीवर बोलू नकोस, फोटोवर ठिकाण टाकू नकोस.

हेच गोडावणाबाबत, शंभर पटीने. आपला माळढोक. आमच्या नान्नजला मी लहानपणी पाहिलेला आणि आता तिकडे दिसेनासा झालेला. देशभरात मिळून दीडशेच्या आत उरले आहेत असं मानतात आणि त्यातले बहुतेक तुझ्याच आसपास आहेत. मार्चपासून त्यांचा विणीचा काळ सुरू होतो. लांब गवतात मान दिसली तर जिथे आहेस तिथेच बस, मग आली त्याच वाटेने परत फिर. त्या दिवशीची फेरी अर्धी राहिली तरी चालेल.

पक्ष्यांत ‘कोण आलं’ यापेक्षा ‘कोण दिसेनासं झालं’ ते जास्त लिही. हिवाळाभर प्रत्येक काटेरी शेंड्यावर बसलेले रणगोजे मार्चमध्ये एकेक करून कमी होतात. जाताना कुणी सांगत नाही. म्हणून रोजची मोजणी हवी. शेवटचा कधी दिसला ते नंतर मागे जाऊन शोधावं लागतं. आणि एका चंडोलासाठी कान उघडे ठेव, लांब, जरा वाकडी चोच असलेला, वाळूवर पळत सुटणारा. हिवाळ्यात तो गप्प असतो. आता तो अचानक जमिनीवरून सरळ वर उठेल, शीळ हळूहळू जलद होत जाईल, वर पोचल्यावर गिरकी घेईल आणि पंख मिटून दगडासारखा झुडपावर उतरेल. पंखांवरचे काळे-पांढरे पट्टे तेवढ्या क्षणापुरते लखकन दिसतात. तो पहिल्यांदा वर उठला ती तारीख लाल पेनने लिही.

एका रविवारी खीचनला जाऊन ये. जोधपूर-जैसलमेर रेल्वेनेच फलोदीला उतर, तिथून चार-पाच किलोमीटर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आलेल्या कुरजा, आपण कांड्या करकोचा म्हणतो त्या, मार्चमध्ये परत निघतात, मंगोलिया-कझाकस्तानकडे. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणा घालत आले आहेत. २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तो या लोकांच्या धान्यामुळे, असं मी मानते. दाणा टिपताना त्या सगळेच बघतात. तू दहा-अकरापर्यंत थांब. ऊन तापून हवा वर चढू लागली की थवे गोल फिरत उंच जातात, ओरडत, आणि एखाद्या दिवशी त्यातला एक खाली येतच नाही.

एक गोंधळ टाळ. तिथे होळीच्या दुसऱ्याच दिवशी चैत्र लागतो, आपला फाल्गुन मात्र पाडव्यापर्यंत चालतो. गावातल्या बाईने ‘चैत लागताच केर फुलतो’ म्हटलं तर ते तुझ्या कालनिर्णयातल्या चैत्राच्या पंधरा दिवस आधीचं असतं. मी एका वर्षी सगळ्या ऐकीव नोंदी या एका चुकीने पुढे सरकवल्या होत्या. वहीत इंग्रजी तारीखच लिही, तिथी शेजारी. चैत्र शुद्ध तृतीयेला मात्र दोन्हीकडचं जुळतं: तिथल्या बायका गणगौर बोळवतात आणि त्याच दिवशी आपल्याकडे चैत्रगौर झोपाळ्यावर बसते. तुझ्या आईला त्या दिवशी फोन कर.

मी होळीनंतरच्या शनिवारी रात्रीच्या गाडीने येते आहे. रविवारी पावणेसातला दारात तयार राहा. वही, काठी, पाण्याच्या दोन बाटल्या. दोरा बांधलेली फांदी मला आधी दाखवायची, चहा नंतर.

तुझी,
मावशी